ओले पाय

ठाणे, ता. १७ मे १८८६

मोरेश्वर यास,

आज सोमवार. रजा संपली म्हणून कचेरीत गेलो. तुंबलेले कागद पाहिले. ऊन फार होते. संध्याकाळी घरी आलो, आईने गूळपाणी पुढे केले ते घेतले आणि उजेड आहे तोवर हे पत्र लिहायला बसलो. वर श्री घातलेला नाही. गोपीनाथचे तेरावे झाले, सुतक फिटले, हे मला ठाऊक आहे. पण हात धजत नाही.

काल देवळाच्या सभामंडपात माझ्या भावाच्या शोकसभेत तू भाषण केलेस. सभा संपल्यावर लोकांनी तुला गराडा घातला आणि मी वहाणा शोधून मागच्या दाराने घरी आलो. नंतर तू आईला भेटायला आलास तेव्हा मी परसात होतो. मुद्दाम होतो. रागाच्या वेळी मला तोंडावर बोलता येत नाही, हे शेजारच्या घरात वाढलेल्या तुला नव्याने सांगायला नको. म्हणून लिहितो.

तू खोटे बोललास.

गोपीनाथ कोळीवाड्यात औषध घेऊन फिरत होता, असे तू म्हणालास. तो फिरत नव्हता. पटकीची त्याला तुझ्यामाझ्याइतकीच भीती होती. तो मास्तर होता त्या शाळेच्या परीक्षा चालू होत्या. घर आणि शाळा सोडून त्या आठवड्यात तो कुठे गेला असेल, तर कल्याणला तुझ्या पुतण्याच्या मुंजीला. पुढे तू म्हणालास की मरताना त्याने डोळे उघडले आणि तो म्हणाला, ‘माझे झाले ते झाले, पण माझ्या गावाचे पाणी निर्मळ करा.’ तू तिथे नव्हतास. मी होतो आणि आई होती. त्याने असे काही म्हटले नाही. पटकीने सुकलेल्या माणसाला इतके लांब वाक्य बोलता येत नाही, एवढे तरी वकिलाला कळायला हवे होते.

लोक रडले. त्याचे मला नवल वाटले नाही, कारण ते भाषण कसे जोडले आहे हे मला खालून दिसत होते. तू ‘कैलासवासी’ म्हणाला नाहीस. ‘आपला गोपू’ म्हणालास. मग ‘गोपू गेला’ एवढेच म्हणालास आणि थांबलास. दुसरा कोणी असता तर त्याने तिथे ‘अकाली’ घातले असते, ‘क्रूर काळाने’ घातले असते. तू काही घातले नाहीस. नुसता थांबलास, आणि तेवढ्यात पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी उपरणी डोळ्यांना लावली.

तो थांबा आमच्या घरातला आहे, मोरेश्वर. ओहोटीच्या वेळी आपण तिघे मिठागराच्या बांधावर जात असू, ते आठव. भाषण गोपूने लिहिलेले असायचे. त्याला शब्द होते पण घसा नव्हता. तिसऱ्या ओळीच्या पुढे त्याचा आवाज जात नसे. तुला घसा होता. मला दोन्ही नव्हते, म्हणून मला तुम्ही दूर मिठाच्या राशींपाशी उभे करायचात आणि हातात छत्री द्यायचात. वाक्याचा शेवट ऐकू आला नाही की मी छत्री उचलायची, मग तू ते वाक्य पुन्हा म्हणायचास. गोपू मध्ये कागद घेऊन उभा. तो तुला ओरडायचा, “अरे, घाई कसली? गाडी पकडायची आहे का? ‘गेला’ म्हटल्यावर ते त्यांच्या पोटात जाऊ दे, मग पुढचं!” आणि माझ्याकडे वळून, “दादा, कुठवर आलं?” तुम्ही दोघे भांडायचात. मोठा शब्द आला की लोक टाळ्या वाजवतात आणि लहान शब्द आला की ऐकतात, हे त्याचे म्हणणे. तुला टाळ्या हव्या असायच्या. काल तू त्याचे ऐकलेस. त्याच्या शोकसभेत, त्याच्यावर खोटे बोलताना ऐकलेस.

याहून वाईट पुढे आहे. ‘याला मारले कोणी?’ असे तू तीनदा विचारलेस, दर वेळी आवाज खाली आणत. उत्तर दिले नाहीस. कोळ्यांचे नाव एकदाही घेतले नाहीस. म्हणालास, ‘आपल्या तळ्याच्या पायऱ्यांवर रोज पहाटे ओले पाय उमटतात. ते कुठून येतात, हे मी सांगणार नाही.’ सांगायची गरजच नव्हती. ते उत्तर लोकांच्या तोंडात आणून ठेवायचे आणि आपण गप्प राहायचे. म्हणजे ज्याने त्याने ते स्वतःच शोधले असे त्याला वाटते, आणि स्वतः शोधलेले माणूस सोडत नाही. माझ्या शेजारी बसलेला काळुराम वाणी मांडीवर थाप मारून म्हणाला, “कोळी! दुसरं कोण?” तू तेव्हा पाणी पीत होतास.

‘ओले पाय’ कोणाचे शब्द आहेत? बंदरावरचा रस्ता कुंपण घालून बंद करायचा घाट होता, तेव्हा कोळ्यांच्या बाजूने केलेल्या भाषणासाठी गोपूने ते लिहिले होते. ‘या गावाला रोज पहिली जाग येते ती ओल्या पायांनी.’ तूच ते बोललास, याच मंडपात. कुंपण रद्द झाले आणि कोळ्यांनी तुझ्या घरी पापलेटांची पाटी पाठवली. ती तू खाल्लीस. आज तेच दोन शब्द, तोच आवाज, आणि त्याच माणसांच्या गळ्यावर सुरी.

आता एक गोष्ट माझ्याकडून. मरतानाचे ते वाक्य तू अगदी हळू म्हणालास, लोकांनी पुढे वाकावे म्हणून. मी मागे खांबाशी होतो. मला शेवट ऐकू आला नाही, आणि माझा हात आपोआप वर गेला. छत्री उचलली. इतक्या वर्षांची सवय. तू ती पाहिलीस, आणि तुझीही सवय, तू ते वाक्य पुन्हा म्हणालास, मोठ्याने, शब्द सुटा करून. म्हणून ते सगळ्या मंडपाला पाठ झाले. तेव्हापासून ती छत्री दाराआड उभी आहे आणि मी तिला हात लावलेला नाही.

तळे देवस्थानचे आहे. पंचांनी ठराव आणला आहे की पूर्वेच्या पायऱ्या, जिथे कोळणी पाणी भरतात, त्या भिंत घालून बंद कराव्या. ता. ६ जूनच्या रविवारी तो गावापुढे मांडतील. त्याआधी तू पंचांचे अध्यक्ष बापूसाहेब यांना दोन ओळी लिही, की ते वाक्य गोपीनाथचे नव्हे. बाकी भाषणाचे तुझे तू बघ.

त्र्यंबक


ठाणे, ता. २४ मे १८८६

मोरेश्वर यास,

तुझे उत्तर शनिवारी मिळाले. अक्षर सुरेख आहे. ‘दादा, आपण शोकाने त्रस्त आहात’ अशी सुरुवात वाचली तेव्हाच कळले की पुढे काही मिळायचे नाही.

तू लिहितोस, सभेला हकीकत नको असते, अर्थ हवा असतो. गोपूने मरताना जे म्हणायला हवे होते ते तू त्याच्या तोंडी घातलेस, त्यात त्याचा मोठेपणाच वाढला. मी कारकून माणूस आहे. साक्षीदाराने जे म्हणायला हवे होते ते कोणी जबानीत घातले, तर त्याला आमच्याकडे अर्थ म्हणत नाहीत. तुमच्या कोर्टात काय म्हणतात ते तुला माहीत.

तू लिहितोस की कोळ्यांबद्दल तुझ्या मनात काही नाही, तू नावही घेतले नव्हते. हेच मी लिहिले होते. तू माझेच आरोपपत्र मला प्रशस्तिपत्र म्हणून परत पाठवले आहेस.

काय चालले आहे ते ऐक. तुला ते कल्याणला ऐकू येत नसेल. गल्लीतली पोरे कोळणी दिसल्या की “ओले पाय आले, ओले पाय आले!” ओरडत मागे धावतात. काल कोणीतरी पूर्वेच्या पायऱ्यांवर शेण टाकून ठेवले. ठमाबाई आमच्याकडे मासळी घेऊन येते, ती आज टोपली न उतरवता अंगणातच उभी राहिली. तुला ती माहीत आहे. लहानपणी तिच्या होडीत बसून तू रडला होतास. म्हणाली,

“दादा, तुमचे भावाला आमी मारला, असा बोलतान सगले. तुमी बी बोलतां?”

मी नाही म्हणालो.

“नुसता माज्यापाशी नाय बोलून काय? तुमी तं घरानच व्हतां. चव्हाट्यावर जाऊन बोला ना.” मग स्वतःच्या पायांकडे बघून म्हणाली, “आन् पाय वलं नाय व्हनार तं काय? खाडीन काय गालिचा आंथरलाय सरकारनं?”

मला हसू आले. गोपू गेला त्या दोन तारखेनंतर पहिल्यांदाच. तिला नाही आले.

“आमचे हिरीचा पानी खारा,” ती म्हणाली. “तलं बंद झाला तं पोरां काय पितील? तुमचा भाव असता तं यानं काय तरी लिवला असता. आन् तो यकील, चांगला बोलला असता.”

तिला अजून माहीत नाही, मोरेश्वर, की हे सगळे त्याच वकिलाच्या बोलण्याने झाले. ते भाषण तिने ऐकलेले नाही. कोळी मंडपाबाहेर उभे असतात. तिच्या मते तू अजून कुंपण काढणारा आहेस. मी तिला सांगितले नाही. तुझी लाज मी राखली, आणि का राखली याचा मला संध्याकाळभर संताप येत होता.

आता पटकीबद्दल. ती कुठून आली, मला माहीत नाही. वैद्यांना माहीत नाही, सरकारी डॉक्टरालाही माहीत नाही. एप्रिलात कोळीवाड्यात पटकीने एकही माणूस दगावला नव्हता. गोपू आजारी पडला त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या पंगतीला जेवला, आणि पंगतीत तुझ्या आडाचे पाणी होते. मला तुझ्यासारखा आवाज असता आणि मी उद्या कल्याणच्या बाजारात उभा राहून, हळू बोलत, मध्ये थांबत एवढेच विचारले असते की ‘गोपूने शेवटचे पाणी कोणाकडे प्यायले?’, तर तुझ्या आडात लोकांनी दगड टाकले असते. तुझ्याकडे जेवढा पुरावा होता तेवढाच माझ्याकडे आहे. मी ते करणार नाही. करता येते हे मात्र मला कळते, आणि ते तुम्हा दोघांबरोबर बांधावर उभे राहून कळले.

वाचनालयाचे लोक येऊन गेले. गोपूची तसबीर लावणार आहेत. खाली ते वाक्य सोनेरी अक्षरांत. त्याने हयातीत किती चांगली वाक्ये लिहिली, त्यातले एकही कोणाला आठवत नाही, कारण ती तू बोललास. त्याच्या नावावर चढणार आहे ते एकच, आणि ते तुझे आहे.

पुन्हा लिहितो. बापूसाहेबांना दोन ओळी.

त्र्यंबक


ठाणे, ता. ३१ मे १८८६

मोरेश्वर यास,

या वेळी तू एकच ओळ लिहिलीस. ‘आईंना विचारा, मग सांगा.’

तुझा नेम चुकत नाही, हे मान्य करतो. नेमके कुठे बोट ठेवले की समोरचा बोलायचा थांबतो, हे तुला आवाजाइतकेच उपजत आहे.

आई ते वाक्य रोज म्हणते. शेजारणी येतात, जमिनीवर बसतात, आणि आई भाजी निवडताना किंवा वाती वळताना सांगते, “शेवटपर्यंत गावाचंच मनात हो त्याच्या. म्हणाला, माझं झालं ते झालं.” बायका मान हलवतात. माझी बायको गेली तेव्हा आणि गोपूची बायको बाळंतपणात गेली तेव्हा आईला असे सांगायला काही नव्हते. त्या नुसत्या गेल्या होत्या. या वेळी तिला काहीतरी मिळाले आहे, आणि ते तू दिलेस. याच्यासाठी मी तुला क्षमा करावी की नाही, हे मला ठरवता येत नव्हते. आज ठरले. करणार नाही. भुकेल्याला कोणी दुसऱ्याच्या ताटातले उचलून दिले, तर देणारा मोठा होत नाही.

आज सकाळी आई तुळशीला पाणी घालून आली तेव्हा मी विचारले, “आई, गोपू शेवटी काय म्हणाला?”

तिने ओल्या पदराचे टोक पिळले. मग म्हणाली, “तुला ठाऊक आहे.”

“तुझ्या तोंडून सांग.”

“कशाला? उलटतपासणी घेतोस?” तिने तांब्या खाली ठेवला. “‘आणखी’ म्हणाला. पळी माझ्या हातात होती, त्र्यंबक. मला विसरायला होईल असं वाटलं तुला?”

तुला हे माहीत नाही, कारण आम्ही कोणाला सांगितले नव्हते. वैद्यांनी पाणी साफ बंद केले होते. तो ओठ चाटत होता. मी वैद्यांच्या शब्दाबाहेर जायला तयार नव्हतो. आईने मला परसातून लाकडे आणायला पाठवले आणि तेवढ्यात पळीने पाणी पाजले. मी दारात आलो तेव्हा तो म्हणाला, “आणखी.” अगदी स्पष्ट. लहानपणी आंबरस वाढताना म्हणायचा तसे. आईने दुसरी पळी भरली. ती तोंडापर्यंत नेईतो तो गेला होता.

एवढेच. यात गाव नाही, निर्मळ काही नाही. त्याला तहान लागली होती.

मी आईला म्हटले, “मग रोज ते दुसरं का सांगतेस?”

“तू घरात असलास की आवाज नसतो रे. भिंतीसारखा असतोस. तो मोरू येऊन ते बोलून गेला, ते म्हटलं की घर भरल्यासारखं वाटतं. खोटं आहे, हे मला कळत नाही का? सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणी मी पाहिलाय का? तरी ऐकतेच ना.”

मी तिला पायऱ्यांचे सांगितले. भिंत, खारी विहीर, शेण, पोरांचे ओरडणे. तिला यातले काहीच माहीत नव्हते. बाराव्या-तेराव्यापासून ती अंगणाबाहेर गेलेली नाही. ठमाबाई इतक्या दिवसांत टोपली न उतरवता का जाते, एवढेच तिला कोडे होते. तिने तांब्या पुन्हा उचलला. मग म्हणाली,

“त्या वाक्यावरून पाणी तोडतायत? माझ्या गोपूच्या?”

“हो.”

“मग तुला काय सांगायचं ते सांग. पण नीट सांग. पुटपुटू नकोस. तुला पुटपुटायची खोड आहे.”

नंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांडी फार जोराने घासली. तसबिरीबद्दल ती काही बोलली नाही. मीही काढले नाही.

आता तुझ्या दोन ओळी नकोत. लिहिल्यास तरी मी त्या वापरणार नाही. रविवारी मी स्वतः बोलणार आहे. तू यावेस असे मला वाटत नाही.

त्र्यंबक


ठाणे, ता. ७ जून १८८६

मोरेश्वर,

काल तू आला होतास.

बापूसाहेबांनी ठराव वाचला. त्यात गोपूचे नाव होते आणि ते वाक्य होते. वाचून झाल्यावर लोकांनी मान खाली घातली, पूजेत घालतात तशी. बाहेर पायरीखाली कोळी उभे होते. त्यांचा पाटील दामाजी पुढे, हातात पागोटे. आतून कोणी त्यांच्याकडे बघत नव्हते. बापूसाहेबांनी विचारले, “कोणाला काही सांगायचे आहे?” आणि उत्तराची वाट न बघता कागदाची घडी घालू लागले.

मी उभा राहिलो. मी काही लिहून नेले नव्हते. लिहायला बसलो होतो, पण जे वाक्य लिहीन ते तुझ्या आवाजात ऐकू यायचे, म्हणून कागद फाडून टाकला होता.

म्हणालो, “मी गोपीनाथचा भाऊ. तो गेला तेव्हा मी तिथे होतो.” मागून कोणीतरी म्हणाले, “मोठ्यानं बोला, राव!” मी उपरण्याने कपाळ पुसले. काळुराम वाणी कुजबुजला, “बसा, बसा, दुःखात आहात तुम्ही,” आणि माझा अंगरखा ओढू लागला. मी बसणार होतो. हे तुला खरे सांगतो. अर्धा बसलोच होतो.

तेवढ्यात दूर, दीपमाळेपाशी, उन्हात, कोणीतरी छत्री उचलली. उघडली नाही. मिटलेलीच उचलली.

तू होतास.

मी पुन्हा म्हणालो. मिठागरावर तुला जसे करावे लागे तसे, छातीत वारा भरून, शब्द सुटा करून. “माझ्या भावाने ते वाक्य म्हटले नाही. त्याचा शेवटचा शब्द ‘आणखी’ असा होता. वैद्यांनी पाणी बंद केले होते. आईने पळीभर दिले. ते तो प्याला, आणि म्हणाला, आणखी. दुसरी पळी भरेपर्यंत तो गेला.”

मग मी थांबलो. तुझ्यासारखा थांबलो नाही. पुढचे आठवेना म्हणून थांबलो. पण बाहेर कोणाचे तरी तान्हे पोर रडत होते ते आतपर्यंत ऐकू आले, आणि बापूसाहेबांचा हात घडीवर तसाच राहिला. तेव्हा मला कळले की हे तेच आहे. मी ते करायला गेलो नव्हतो, पण तेच होते. मला तुझा राग आला, गोपूचाही आला, की खरे सांगायचे तरी याच वाटेने जावे लागते.

शेवटी म्हणालो, “तो तहानलेला गेला. त्याच्या नावावर कोणाचे पाणी तोडू नका.” आणि बसलो. टाळ्या पडल्या नाहीत.

एकजण म्हणाला, मग पटकी आली कुठून? दुसरा म्हणाला, वकीलसाहेब खोटे बोलले काय? सगळ्यांनी वळून दीपमाळेकडे पाहिले. तिथे तू नव्हतास. कल्याणची गाडी गाठायला गेला असशील. तेवढा वेळ तू थांबला असतास आणि “हो” एवढा एक लहान शब्द म्हणाला असतास, तर काल ठराव कायमचा पडला असता. छत्री उचललीस आणि गेलास. मला आवाज द्यायला उचललीस, की तू ऐकतो आहेस याची मला धमकी द्यायला, हे मला अजून कळलेले नाही. की तुझाही हात आपोआप वर गेला? तसे असेल तर तेही लिहून कळवू नकोस. मला तुझ्या पत्रातली कोणतीच ओळ आता सरळ वाचता येत नाही.

ठराव पावसाळा संपेपर्यंत तहकूब झाला. दामाजीने बाहेर मला गाठले.

“दादा, तकुब म्हंजे काय?”

“म्हणजे तूर्त पाणी भरा.”

“आन् मंग?”

“मग पुन्हा बोलावं लागेल.”

“तुमीच बोलशाल?” त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले, होडी विकत घेताना पाहतात तसे. “बरा बोललां. जरा हलू बोललां, पन बरा बोललां.”

तसबीर लागणार नाही. वाचनालयाचे चिटणीस आज कचेरीच्या दारात भेटले. फार नम्रपणे बोलले. वाक्यच नाही म्हटल्यावर खाली काय लिहावे, असा प्रश्न पडला आहे, म्हणाले. मी म्हटले, नुसते नाव लिहा. ते म्हणाले, नुसत्या नावाला वर्गणी जमत नाही. काळुरामने आज मला नमस्कार केला नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, “मेलेल्या भावाचा मोठेपणा काढून घेणारे लोक आहेत जगात.” त्याचे बोलणे चांगले झाले. कोणाला उद्देशून ते सांगितले नाही, तुझ्याकडून शिकला.

आईने काल विचारले, “पुटपुटलास का?” मी नाही म्हटले. तिने ताट वाढले. आज संध्याकाळी शेजारीण आली होती. आईने तिला गोपूला आंबरस किती आवडायचा ते सांगितले. दुसरे काही सांगितले नाही. शेजारीण लवकर उठून गेली.

यापुढे मी तुला लिहिणार नाही. पावसाळ्यानंतर ठराव पुन्हा येईल. तू त्या दिवशी आलास, तर दीपमाळेपाशी उभा राहू नकोस. आत ये, आणि तुझा शब्द तू बोल. येणार नसशील तर मी बोलेन, आणि ऐकू गेले नाही तर पुन्हा बोलेन.

आज पहाटे मी घागर घेऊन तळ्यावर गेलो. आमच्या नेहमीच्या पश्चिमेच्या बाजूला गेलो नाही, पूर्वेला गेलो. कोळणी भरून गेल्या होत्या, पायऱ्या ओल्या होत्या, माणूस कोणी नव्हते. घागर भरली आणि घरी आणली. आई अजून उठली नव्हती. दुहेरी फडक्यातून पाणी गाळून माठात ओतले. राहिलेले फुलपात्रात घेतले आणि उभ्यानेच प्यालो. मग माठाचे झाकण काढून आणखी एक भरून घेतले.

त्र्यंबक